गड्याचा हॅन्डओव्हर

लग्नाच्या चौथ्या वर्षी मी आणि माझा नवरा एकमेकांना मुख्यतः भांड्यांवरून ओळखत होतो. पहाटे साडेचारला मी उठले की त्याचं रात्रीचं ताट ओट्यावर पालथं घातलेलं असायचं, म्हणजे तो घरी आला आणि जेवला. दुपारी पावणेपाचला मी परतले की दूध तापवून झाकलेलं असायचं, म्हणजे तो शिफ्टला गेला. त्याची कंपनी भोसरीला, दुसरी शिफ्ट, तीन ते साडेअकरा. तिथल्या पत्रा दाबायच्या एका जुन्या प्रेसचं सेटिंग त्याच्याशिवाय कुणाला जमायचं नाही, म्हणून ती शिफ्ट त्याला कायमची चिकटली होती. माझी कंपनी महाळुंग्याला, पहिली शिफ्ट, सात ते साडेतीन. त्याला सुट्टी गुरुवारी, मला रविवारी. राहायला आम्ही दोघंही चिंचवडला होतो, निदान रेशनकार्डावर तरी.

आमचं बोलणं तेव्हा ‘गॅस संपलाय’, ‘उद्या पाणी येणार नाही’ आणि ‘आईला फोन कर’ एवढ्यावर आलं होतं. फोन दोघांच्याही कंपनीत गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे मेसेजला उत्तर आठ तासांनी यायचं, आणि तेही अंगठ्याचं चित्र. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. भांडायला दोघं एका वेळी जागे असावे लागतात. गुरुवारची संध्याकाळ मिळायची, पण ती भाजी आणि किराण्यात जायची.

अशाच एका गुरुवारी त्याने काच तडकलेला जुना फोन माझ्यासमोर ठेवला.

“हा खेळ बघ. आपण नसलो तरी चालतो.”

“मग आपण कशाला लागतो?”

त्याने फोन माझ्याकडे सरकवला.

पडद्यावर एक बुटका माणूस उभा होता. समोर कुणीतरी शत्रू आणून ठेवायचा, की हा आपला आपण मारत बसतो आणि मार खात बसतो. कुणाशी लढायचं, अंगावर काय घालायचं, सोबत खायला काय द्यायचं एवढंच आपण ठरवायचं. मग फोन बंद करून कामाला जायचं. परत येऊन उघडलं की खेळ हिशेब दाखवतो, आठ तासांत इतके मारले, इतकं खाल्लं, हे हे मिळालं. 

“शिफ्टवाल्यांसाठीच काढलाय राव,” तो म्हणाला. माणसांत मी त्याला अहो म्हणते, घरात अरे. तो मला घरात कधीकधी राव म्हणतो, खूश असला की. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी म्हणाला, म्हणून मी खेळायला हो म्हटलं.

खेळाच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली त्याने ठरवली. या खेळात लढाई सोडून लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, लोहारकाम असं बरंच काही शिकता येतं. तो म्हणाला, त्यातलं काहीही करायचं नाही, फक्त लढायचं. “लोहारकाम मी दिवसभर करतो. परत घरी येऊन लोहारकाम न्हाई करणार.” म्हणजे आमच्या गड्याला जे काही मिळेल ते मारलेल्या शत्रूच्या खिशातूनच मिळणार होतं. तलवार, ढाल, बूट आणि भाकरीसुद्धा.

दुसरी गोष्ट मी ठरवली. गड्याला जीव एकच. मेला की मेला, पुन्हा उठणं नाही, सगळं पुसलं जातं. तो म्हणाला, एवढं कशाला कडक? मी म्हटलं, मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे ज्या लाइनला रिवर्कचं टेबल लावलेलं असतं त्याच लाइनवर सगळ्यात जास्त खराब माल निघतो. माणसाला माहीत असतं, मागे कुणीतरी दुरुस्त करायला बसलंय. दुसरी संधी असली की हात ढिला पडतो. तो प्रॉडक्शनचा माणूस, त्याला हे पटणं शक्य नव्हतं, पण त्याने मान डोलावली.

गड्याला नाव द्या म्हणून खेळ मागे लागला होता. आम्ही एक टिंब टाकलं आणि त्याला गडीच म्हणायला लागलो.

फोन फ्रिजवर ठेवायचा ठरलं. पहाटे निघण्याआधी मी गड्याला कामाला लावायचं, नवरा नऊला उठला की त्याने लक्ष ठेवायचं, दोनला निघताना पुन्हा लावून जायचं, पाचला मी बघायचं. दोघांचे हात एकाच माणसावर, म्हणजे हॅन्डओव्हर आला. आणि हॅन्डओव्हर म्हटल्यावर मी तोंडी काही मानत नाही. मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, गडी कुणावर ठेवला, अन्न किती, तब्येत, शेरा, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. तो वही बघून पाच मिनिटं हसत होता. मग त्याने पहिली सही केली.

आता पहिल्या पंधरा दिवसांचं सांगते, कारण या प्रकारच्या खेळात जे काही चुकायचं ते तिथेच चुकतं.

सुरुवातीला गड्याच्या हातात काठीसुद्धा नसते. त्याला कोंबड्यांवर सोडायचं. कोंबडीची चोच इतकी कमी लागते की गडी मार खात खात आपोआप बरा होत राहतो, अन्नाशिवायही मरत नाही. म्हणून घरात कुणी नसताना कोंबड्या आणि फक्त कोंबड्या, असा मी पहिल्या पानावर नियम लिहिला. अडचण अशी की मारलेल्या कोंबडीतून कच्ची कोंबडीच मिळते, आणि स्वयंपाक तर आमच्या नियमात बसत नव्हता. तीन दिवसांत आमच्याकडे चारशे कच्च्या कोंबड्या जमल्या. नवऱ्याने शेऱ्यात लिहिलं, “गडी उपाशी, घरात चारशे कोंबड्या. बाईसाहेबांचा कारभार.” मी खाली लिहिलं, “स्वयंपाक कुणी बंद केला ते पान एक बघा.”

पुढचा वाद आधी काय वाढवायचं याचा होता. त्याचं म्हणणं ताकद वाढवा, एका घावात शत्रू पडला पाहिजे, तासाला नग जास्त. मी म्हटलं, बचाव वाढवा. आपल्याला अन्न शिजवता येत नाही. जो घाव चुकवला तेवढी भाकरी वाचली. प्रॉडक्शन विरुद्ध क्वालिटी हा वाद मी कंपनीत अकरा वर्षं करत होते, पण नवऱ्याशी पहिल्यांदाच करत होते. चार दिवस शेऱ्याच्या रकान्यात तोच चालला. रकाना पुरेना, तेव्हा तो समासात लिहायला लागला. शेवटी त्याने लिहिलं, “बचाव. मान्य. पण उगाच मान्य केलेलं नाही, विचार करून केलंय.” त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी हे आठवून एकटीच हसले, आणि शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं.

मग बचावाची पातळी बारावर गेल्यावर चोर. शेतात एक भुरटा चोर असतो, त्याच्याकडे भाकरी सापडते. आमच्यासाठी हाच अन्नाचा एकमेव झरा होता. पण चोराचा घाव मोठा, त्यामुळे त्याच्याशी लढताना आपण समोर बसून गड्याला हाताने खायला घालायचं. यावर उपाय खेळाच्या दुकानात मिळतो, गड्याने आपलं आपण खायची विद्या. कोंबड्यांची पिसं विकून विकून ती घ्यायची. ती घेतली की एकच हिशेब लक्षात ठेवायचा: जीव किती उरला की गडी खायला घेतो, आणि समोरच्याचा सगळ्यात मोठा घाव किती. घाव त्या आकड्यापेक्षा लहान असेल आणि सोबत अन्न असेल, तर गडी मरूच शकत नाही. शंका असेल तर खालच्याच शत्रूवर राहायचं. मी हे लाल शाईने लिहून चौकट केली.

खरं सांगायचं तर गडी मला आवडायला लागला होता असं काही नाही. बुटका, टक्कल पडलेला, कोंबड्या मारणारा माणूस. मला आवडायला लागली होती ती वही. पहाटे चहा उकळेपर्यंत मी ती उभ्याने वाचायचे. “चोराने आज बूट दिले. फाटके. दिले हे महत्त्वाचं.” असं तो लिहायचा. कधी गड्याचं सोडून भलतंच लिहायचा, की प्रेसवर आज नवीन पोरगा आला आणि त्याला पाना धरता येत नाही. मीही लिहायचे. चार वर्षांत मला माहीत नव्हतं की याला लिहिता येतं. आणि नियम तर मीच करून ठेवला होता. गडी मेला की खेळ संपला, खेळ संपला की वही संपली, आणि वही संपली की आम्ही पुन्हा गॅस सिलिंडरवर. याची मला फार भीती वाटायची. ती मी त्याला सांगितली नाही, नुसतं अन्न मोजत राहिले.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी जुन्या फोनची चार्जिंगची पिन गेली. नवऱ्याने लिहिलं, “फोन दुरुस्तीला दिलाय, पिन मिळायला वेळ लागेल, तोवर खेळ माझ्या फोनवर घेतलाय.” मग नऊ दिवस गडी एकट्या त्याच्याकडे होता. माझी चिडचिड झाली, पण वहीत रोज नोंद होती, म्हणून मी सोडून दिलं. नऊ दिवसांनी फोन परत फ्रिजवर आला तेव्हा गड्याने आपोआप खायची विद्याही घेतलेली होती. फक्त चोराकडून मिळालेली एक अंगठी दिसत नव्हती. त्याने लिहिलं, “अंगठी चुकून विकली. माफी.” मी लाल शाईत अर्धं पान झापलं. त्याने शांतपणे सही केली.

त्यानंतरचे चार महिने सुखाचे गेले. गडी चोरांवरून डोंगरातल्या दरोडेखोरांवर गेला. अंगावर चिलखत आलं, तेही एकाच रंगाचं. नवरा एका गुरुवारी मला न विचारता पोहे करून बसला होता आणि आम्ही दरोडेखोराच्या घावाचा हिशेब करत खाल्ले. शेजारणींना वाटत असेल, हे दोघं काय गुलुगुलु बोलतात.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या राजगुरुनगरला दिरांकडे असतात. नवरा तीन दिवस रजा टाकून रविवारी दुपारी तिकडे गेला. सोमवारी पहाटे मी नेहमीसारखी उठले, गड्याची तब्येत बघितली, भाकरी मोजल्या. गड्यासोबत एका वेळी एकाच जातीचं अन्न देता येतं. साध्या भाकऱ्या दुपारी दोनपर्यंत पुरून वर तासभर उरतील एवढ्या होत्या. जास्त जीव भरणारं मोठं अन्न आम्ही पुढच्या शत्रूसाठी राखून ठेवलं होतं, आणि दोनला भाकऱ्या बदलून द्यायचं काम त्याचं असायचं. मी लिहिलं, “दरोडेखोर. भाकरी तीनपर्यंत. तब्येत उत्तम.” देणाऱ्याची सही केली. वही फ्रिजवर ठेवली आणि बस पकडली.

दोनला बदलून द्यायला घरात कुणी नव्हतं. मला हे माहीत होतं. रविवारी मीच त्याची बॅग भरली होती. पण पाच महिने माझं घड्याळ दोनलाच थांबत होतं. दोननंतरचा वेळ माझा नव्हता, पुढच्या शिफ्टचा होता. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आलेय, समोरच्याने सही केल्याशिवाय हॅन्डओव्हर झाला असं समजायचं नाही, आणि मी रिकाम्या घराला हॅन्डओव्हर देऊन गेले.

पावणेपाचला फोन उघडला. गडी तीन वाजून दहा मिनिटांनी मेला होता.

मी पर्ससकट खाली बसले. खोटं कशाला सांगू, रडले. टकल्या बुटक्या माणसासाठी रडत नव्हते हे तेव्हाही मला कळत होतं.

सहाला नवऱ्याचा फोन आला. तिकडे दवाखान्यातला गोंगाट ऐकू येत होता.

“ऑपरेशन झालं. उद्या पट्टी काढतील,” तो म्हणाला. “आणि गडी कसाय?”

“बरा आहे,” मी म्हणाले.

“भाकऱ्या पुरल्या?”

“पुरल्या.”

फोन ठेवल्यावर मी ठरवलं की नवीन गडी उभा करायचा. नाव टिंब, रंग तोच. तो येईपर्यंत जमेल तेवढा वाढवायचा, पुढचं पुढे बघू. आयुष्यात ज्या कामासाठी मी लोकांना मेमो दिले तेच करायला मी बसले होते. पण खेळाने दाखवलेली मेलेल्या गड्याची पाटी मिटवण्याआधी मी ती सवयीने वाचली. किती शत्रू मारले, किती अन्न खाल्लं, आणि किती दिवस जगला. एकशे सव्वीस दिवस.

मी वही घेतली आणि पहिल्या नोंदीपासून दिवस मोजले. एकशे एक्केचाळीस आले. पुन्हा मोजले, बोट लावून मोजले, तेवढेच आले.

पंधरा दिवस कमी. मग मी पंधराव्या दिवसाचं पान उघडलं. तोपर्यंतच्या त्याच्या सगळ्या नोंदी वाकड्यातिकड्या होत्या, खाडाखोड, समासात टोमणे. सोळाव्या दिवसापासून नऊ दिवस मात्र एकाच पेनाने, एकाच सुबक अक्षरात: “सर्व ठीक. अन्न भरपूर. तब्येत उत्तम.” नऊ वेळा तेच. ज्या चेकशीटवर सगळी मापं सारखी येतात ती मोजलेली नसतात, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. आणि हे पान माझ्या फ्रिजवर चार महिने पडून होतं.

म्हणजे पहिला गडी पंधराव्या दिवशीच मेला होता. हे नंतर त्याने सांगितलं तसं: चोरावर लावून तो दार उघडायला गेला, कुरियरवाला होता, आणि सही करून येईपर्यंत कारभार आटोपला होता. पिन वगैरे काही गेली नव्हती. फोन नऊ दिवस त्याच्या कपाटात होता. अंगठी विकलेली नव्हती, ती पहिल्याबरोबर गेली होती, दुसऱ्याला मिळाली नाही. तेवढ्याचा गुन्हा कबूल करून बाकीचा त्याने पचवला होता. मी चार महिने रिवर्कचा माल पास करत होते.

मला प्रचंड राग आला. पण राग आला तरी मी आधी मोजते. याने पंधरा दिवसांचं काम नऊ दिवसांत कसं काढलं, हे मला बघायचं होतं. म्हणून मी नवीन गडी चालू केलाच. सोमवारी संध्याकाळी चार तास कोंबड्या मारल्या. मंगळवारी पुन्हा चार तास. मानेला रग लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बचाव सहावर गेला. समोर बसून बोट मारत राहिलं की गडी जरा भरभर मारतो, पण आपण नसताना चालणारा खेळ असा पळवायचा म्हणजे काय शिक्षा असते ते मला कळलं. मग हिशेब मांडला. दुपारी दोनच्या आत एवढं काम उरकायचं तर तो सहाला उठल्याशिवाय जमणार नव्हतं.

तेव्हा आठवलं, त्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात म्हणाल्या होत्या, “तुमचे मिस्टर हल्ली लवकर उठतात वाटतं. तुम्ही गेलात की लगेच दिवा लागतो.” मी म्हटलं होतं, छे, तो नऊशिवाय उठत नाही. रात्री साडेबाराला घरी येणारा माणूस नऊ दिवस सहाला उठून कोंबड्या मारत होता, आणि मी घराबाहेर पडायची वाट बघत अंथरुणात डोळे मिटून पडत होता. राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. संपला नाही, पण त्यात दुसरं काहीतरी मिसळलं.

बुधवारी सकाळी तो परत येणार होता आणि तसाच शिफ्टला जाणार होता. निघताना मी लाल शाईने लिहिलं: “गडी सोमवारी मेला. अन्न कमी पडलं. चूक माझी. तुला फोनवर खोटं बोलले.” त्याच्याखाली एक ओळ सोडून लिहिलं, “पहिला मेला ते का नाही सांगितलंस?” आणि देणाऱ्याची सही केली. सही करताना पेन थांबलं, कारण या वहीतली ही शेवटची सही असेल असं वाटत होतं.

बुधवारी दुपारी घरी आले. दूध तापवून झाकलेलं होतं. प्रश्नाखाली काहीही लिहिलेलं नव्हतं. फक्त घेणाऱ्याच्या रकान्यात त्याची सही होती.

गुरुवारी पहाटे साडेचारला उठून स्वयंपाकघरात गेले, तर तो ओट्याशेजारी स्टुलावर बसला होता. शिफ्टवरून आलेल्या कपड्यांतच. मी कणीक मळायला घेतली. पाणी जास्त पडलं आणि कणीक सैल झाली.

“तेव्हा पंधरा दिवस झालेले,” तो म्हणाला. “पंधरा दिवस तू मला रोज लिहीत होतीस. त्याच्या आधी कधी लिहिलेलं का?”

“नाही.”

“मेला म्हणून सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? तुझा नियम हाय, एकच जीव. तू वही मिटून माळ्यावर टाकली असतीस. टाकली असतीस का न्हाई?”

मी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं.

“टाकली असती,” मी म्हणाले.

“मग. मला वही पाहिजे होती.”

मी पोळ्या लाटत राहिले. मग त्याच्याकडे पाठ करूनच सांगितलं की सोमवारी मीही नवीन गडी उभा केला, तुझ्यापासून लपवायला म्हणून. दोन दिवस कोंबड्या मारल्या.

“कितीपर्यंत नेलास?”

“सहा.”

“दोन दिवसांत सहा?” तो म्हणाला. “आगं, लई हळू झालं.” आणि हसला, आणि मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता माझी पोळी करपली.

साडेपाच झाले. पावणेसहाला चौकात माझी बस येते. डबा भरला, पर्स घेतली, चपला घातल्या. तो दारापर्यंत आला. त्याची सुट्टी होती, तो आता झोपणार आणि मी येईपर्यंत किराणा आणून ठेवणार, हे ठरलेलं होतं. मी दोन जिने उतरले आणि परत वर आले. सुपरवायझरला फोन लावला आणि सांगितलं, आज येत नाही. अकरा वर्षांत मी अशी ऐनवेळी रजा टाकलेली नव्हती. त्याने विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे.

मग आम्ही जमिनीवर बसून, मधे डबा उघडून, पोळीभाजी खाल्ली. उजाडत होतं. फोन आणि वही दोन्ही फ्रिजवर होती आणि कुणीही उठून आणली नाही. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं काहीच सुचेना. गडी नाही, दरोडेखोर नाही, भाकऱ्यांचा हिशेब नाही. मला वाटलं, झालं, आता याने गॅसचं काढलं की मी रडणार.

“आईची पट्टी काढली ना मंगळवारी,” तो म्हणाला, “तेव्हा मी समोरच बसलेलो.”

“मग? दिसतंय का नीट?”

“दिसतंय. लई दिवसांनी नीट दिसलं तिला. माझ्याकडं बघत बसली नुसती. मग म्हणली, आरं, तुझं केस कवा पिकलं?”

मी घास हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. खिडकीतून चांगला उजेड आला होता. दोन्ही कानांवरचे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे मलाही सांगता येत नव्हतं.